लोंबलेलं दार आणि बिजागरीच्या झिजलेल्या पिना

जुन्या गाडीचं दार लावताना मालकाचा हात आपोआप ते थोडं वर उचलतो. इतकी सवय झालेली असते की आपण दार उचलतोय हे त्याच्या लक्षातही येत नाही. एखादा नवखा माणूस शेजारी बसतो, सरळ दार ओढतो, ते खट्‌कन आपटून परत उघडतं आणि मग आपण म्हणतो, "जरा उचलून लाव." बिजागरीच्या पिना आणि बुश, म्हणजे पिन जिच्यात फिरते ती मऊ धातूची छोटी नळी, संपत आल्याची ही सगळ्यांत भरवशाची खूण.

यावर बहुतेक जण पहिला पाना उचलतात तो स्ट्रायकरवर, म्हणजे दाराच्या चौकटीच्या खांबावरच्या त्या कडीवर जिच्यात दाराचं लॉक अडकतं. कडी थोडी खाली सरकवली की दार लागायला लागतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. रोग रेड्याला, औषध पखालीला. दार लोंबतंच आहे, आता फक्त कडीसुद्धा चुकीच्या जागी गेली. सहा महिन्यांनी दार आणखी खाली येतं, कडी आणखी खाली जाते, आणि शेवटी दाराची मागची खालची कड उंबऱ्यावर घासून रंग उडवायला लागते. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी पिना आणि बुश, मग बिजागरीचे बोल्ट, आणि कडी सगळ्यांत शेवटी.

इतक्याशा झिजेने एवढं दार का लोंबतं

समजा दार ३० किलोचं आहे, एक मीटर लांब आहे आणि दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंटिमीटर अंतर आहे. दाराचं वजन साधारण मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर आहे असं धरलं, तर वरची बिजागरी खांबापासून सुमारे ३७ किलोच्या जोराने ओढली जाते आणि खालची तेवढ्याच जोराने खांबाकडे दाबली जाते. दाराच्या टोकाला धरून, त्यावर २० किलोचा भार टाकून कुणी सीटवरून उठलं तर दोन्हीकडे ५० किलोची भर पडते. दाराला रेलून गप्पा मारण्याची सवय बिजागरीला का मानवत नाही, ते यात आलं.

आता झीज. बिजागऱ्यांमधल्या ४० सेंटिमीटरच्या उंचीत एकूण एक मिलिमीटर खेळ, म्हणजे सैलपणा, आला, तर एक मीटर लांब असलेल्या मागच्या कडेला तो अडीच मिलिमीटर होऊन दिसतो. दोन मिलिमीटर खेळ म्हणजे पाच मिलिमीटर, आणि तेवढ्यात दार आणि बॉडी यांच्यातली फटच संपून जाते.

बिजागरीचे दोन भाग असतात, एक खांबाला आणि एक दाराला. पिन दोन्हींतून जाते. बहुतेक रचनांमध्ये पिनेच्या डोक्याखाली बारीक दाते असतात. ते एका भागात रुतून बसतात, त्यामुळे पिन त्या भागात फिरत नाही. दुसऱ्या भागात ती बुशमध्ये फिरते. बुश पितळेचा किंवा तेल मुरवलेल्या ब्राँझचा, पिनेपेक्षा मऊ असतो. झिजायचं ते त्याने झिजावं, पिन आणि बिजागरी वाचाव्यात, असा हिशोब. बुश संपूनही गाडी तशीच वापरली की पिन थेट बिजागरीचं लोखंड खाते, गोल भोक लांबट होतं, आणि मग साधं काम महागात जातं.

आधी खेळ नेमका कुठे आहे ते शोधा

दार अर्धं उघडा. मागची कड दोन्ही हातांनी खालून धरून हळूच वर-खाली करा. जोर नको, दोन बोटांएवढी हालचाल पुरे. या वेळी दुसऱ्या माणसाने बिजागऱ्यांकडे बॅटरी मारून बघायचं, किंवा एक हात दाराला आणि दुसऱ्या हाताचं बोट बिजागरीच्या दोन भागांच्या सांध्यावर ठेवून स्वतःच अंदाज घ्यायचा. फक्त बोट सांध्याच्या आत घालू नका.

पिनेभोवती हालचाल दिसली तर हा लेख तुमच्यासाठी. अख्खी बिजागरी खांबावर सरकताना दिसली तर बोल्ट सैल आहेत. आणि बोल्ट घट्ट असून खांबाचा पत्राच बिजागरीबरोबर आत-बाहेर होत असेल तर तो गंजलाय किंवा चिरलाय. तिथे नवीन पिन घालून काही उपयोग नाही, आधी पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम आहे. हे तीन प्रकार बाहेरून अगदी सारखे दिसतात, म्हणून ही पाच मिनिटं टाळू नका.

बहुतेक वेळा वरची बिजागरी जास्त झिजलेली सापडते. तरी बदलताना दोन्ही बदला. एक ताजी आणि एक झिजलेली, अशी जोडी फार दिवस नीट चालत नाही.

काही गाड्यांमध्ये पिन दोन्ही टोकांना ठोकून कायमची बसवलेली असते आणि कारखान्याच्या हिशोबाने अख्खी बिजागरीच बदलायची असते. पिनेच्या एका टोकाला क्लिप, खाच किंवा दातेरी डोकं दिसत असेल तर ती निघणारी आहे. दोन्ही टोकं मशरूमसारखी पसरलेली असतील तर नाही. बिजागरी वेल्ड केलेली असेल, तर उलट पिन आणि बुश बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग.

सामान

पिना, बुश आणि क्लिपांचा संच गाडीच्या मॉडेलप्रमाणे घ्या. पुढच्या आणि मागच्या दारांचे संच वेगळे असू शकतात. मॉडेलप्रमाणे मिळत नसेल तर जुन्या पिनेचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा लागतो. तो मोजायचा कुठे, इथेच लोक फसतात. पिन बुशमध्ये जिथे फिरते तिथे ती झिजून बारीक झालेली असते. मधल्या भागात, जिथे ती कशालाच घासत नाही, तिथे मूळ माप मिळतं.

बाकी हवं ते असं: चाकं असलेला बुटका जॅक, लाकडाचा रुंद ठोकळा आणि जाड कापड, मध्यम वजनाची हातोडी आणि पिनेपेक्षा किंचित बारीक पंच (पिन ठोकून काढायची पोलादी कांडी), एक निमुळता पंच, वाइस ग्रिप (आवळून राहणारी पकड), गंज सोडवणारं तेल, हॅकसॉचं सुटं पातं, बारीक पॉलिश पेपर, एक लांब बोल्ट, नट आणि दोन-तीन वॉशर, ग्रीस, मास्किंग टेप. डोळ्यांवर चष्मा. आणि एक माणूस. हे शेवटचं सामान सगळ्यांत महत्त्वाचं. एकट्याने हे काम करता येतं असं सांगणारे बरेच भेटतील, पण त्यांच्या फेंडरची, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याची, दाराकडची कड एकदा बघून घ्या.

माझीही तशीच झाली होती. पहिल्या वेळी जॅक दाराच्या मधोमध लावला, दोन्ही पिना काढल्या आणि दार शांतपणे पुढे कलून फेंडरला टेकलं. आवाजही फारसा झाला नाही, पण नखाएवढा रंग गेला. दाराचा तोल मधोमध नसतो. काच, तिचं यंत्र, लॉक, स्पीकर हे सगळं आपापल्या बाजूला वजन टाकतं. तेव्हापासून मी पिनेला हात लावायच्या आधी तोल शोधतो आणि फेंडरच्या कडेला टेपचे तीन थर देतो.

तयारी

आदल्या रात्री दोन्ही पिनांच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल सोडा. सकाळी पुन्हा एकदा. यात कष्ट काहीच नाहीत आणि अर्धी मारामारी वाचते.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, चाकांना अडण. दारात वायरिंग असेल तर आधी काच खाली घ्या, म्हणजे दार धरायला जागा मिळते, आणि मगच बॅटरीची ऋण वायर काढा. उलट क्रमाने केलंत तर काच वरच राहते.

आता बिजागऱ्यांचे फोटो काढा. पिनेचं डोकं वर आहे की खाली, क्लिप कुठे आहे, बुशची कॉलर (तोंडाशी असलेली रुंद कड) कुठल्या बाजूला आहे. बऱ्याच गाड्यांत वरची पिन एका दिशेने आणि खालची उलट दिशेने घातलेली असते. "लक्षात राहील" हा विचार डोक्यात आला की मोबाइल काढायचा.

दार एका ठरावीक कोनावर अडवणारी पट्टी किंवा साखळी असते, तिची पिन किंवा बोल्ट काढा. काही जुन्या मोठ्या गाड्यांत हे काम बिजागरीवरची जाड स्प्रिंग करते. तिला साधी समजू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती थेट तोंडाच्या उंचीवर येते. स्प्रिंग दाबून धरणाऱ्या हत्यारानेच ती काढा, चष्मा लावून, आणि तोंड तिच्या रेषेत न ठेवता. हत्यार मिळत नसेल तर तेवढा भाग गॅरेजमध्ये करून घ्या. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायची ती जागा नव्हे.

वायरचा गठ्ठा दार आणि खांबाच्या मधून रबरी नळीतून जातो. दार उतरवणार असाल तर त्याचे कनेक्टर सोडवा. दार न उतरवता एकेक पिन बदलणार असाल तर वायर राहू द्या, पण ताणली जाणार नाही एवढं बघा.

दार उतरवायचं की नाही

एकेक बिजागरी करत गेलात तर दार उतरवायची गरज बऱ्याचदा पडत नाही. एक पिन काढायची, ते दोन भाग थोडे वेगळे करून बुश बदलायचे, नवी पिन घालायची, मग दुसरीकडे वळायचं. वायरिंग सोडवावं लागत नाही, दाराची जागा फारशी बिघडत नाही. मी शक्यतो हेच करतो. बुश काढायला हातोडी फिरवण्याइतकी जागा मिळत नसेल तरच दार पूर्ण उतरवा.

उतरवायचंच असेल तर आधी खालची पिन काढा, मग वरची. बसवताना आधी वरची, मग खालची. कारण वर आलंच आहे: वरची बिजागरी दाराला ओढून धरते. ती आधी सोडली तर दाराचा वरचा भाग खांबापासून निसटून बाहेर झुकतो आणि सगळा ताण खालच्या पिनेवर येतो.

पिन काढणे

दार पिनेपर्यंत हात आणि हातोडी पोचेल एवढं उघडा. खाली जॅक, त्यावर ठोकळा, त्यावर कापड. जॅक हळूहळू वर घ्या. दाराची मागची कड जिथे असायला हवी तिथपर्यंत, म्हणजे खेळ संपेपर्यंत ती वर आली की थांबा. अजून वर घेतलंत तर बिजागरी उलट्या बाजूने ताणली जाते. या पूर्ण वेळात मदतनीसाने दार दोन्ही हातांनी धरलेलं असावं. जॅक वजन उचलतो, तोल नाही.

भार उतरलाय की नाही हे पिनच सांगते. तिच्या खालच्या टोकाची क्लिप काढा, वाइस ग्रिपने डोकं धरून किंचित फिरवून बघा. दाते सुटले की ती हलायला लागते. अजिबात हलत नसेल तर हातोडीआधी जॅक बघा. अर्धा सेंटिमीटर वर, अर्धा खाली. अडकलेल्या दहा पिनांतल्या बऱ्याच गंजामुळे नव्हे, तर दाराच्या वजनाने आवळल्या गेल्यामुळे अडकलेल्या असतात.

मग टोकाकडून, म्हणजे डोक्याच्या विरुद्ध बाजूने, पंच लावून ठोका. पहिले दोन-तीन ठोके नेमके आणि जरा जोराचे. हळूहळू टिपटिप करत बसलात तर पिनेचं टोक पसरतं आणि मग ती भोकातून जातच नाही. दाते सुटल्यावर पिन सहज येते.

तरीही हटून बसली तर बिजागरीच्या दोन भागांमधल्या फटीतून हॅकसॉचं पातं घाला, एका टोकाला कापड गुंडाळून मूठ करा आणि पिन कापून काढा. वेळ लागतो, पण काहीच बिघडत नाही. ज्योत मात्र लावू नका. रंग, रबर, वायरिंग आणि खांबाच्या पोकळीतलं गंजरोधक मेण हे सगळं हाताच्या अंतरावर असतं.

बुश: खरं काम इथे आहे

जुना बुश आतून पंच लावून विरुद्ध बाजूला ठोकला की निघतो. कॉलर तुटून नळी आत राहिली तर हॅकसॉच्या पात्याने तिला लांबीच्या दिशेने एक चीर द्या. बुशपुरतीच, बिजागरीच्या लोखंडात नाही. चीर पडली की तो आत मिटतो आणि बाहेर येतो.

काढलेला बुश फेकण्यापूर्वी बघा. एकीकडे कागदासारखा पातळ आणि दुसरीकडे जवळपास नवा, असा तो दिसेल. ओढ नेहमी एकाच दिशेला असते, म्हणून झीजही एकाच बाजूला. कॉलरही बघा. दाराचं उभं वजन कॉलरवर बसतं. ती झिजली की दार जितकी झीज तितकं सरळ खाली उतरतं, आणि ते लोंबण्यापेक्षा वेगळं दिसतं, कारण पुढची कडही खाली आलेली असते.

भोक पॉलिश पेपरने साफ करा. फक्त गंज आणि मळ, धातू नाही. नवा बुश हाताने लावून बघा: तो बोटाने सहज आत गेला तर भोक मोठं झालंय. तिथे बाहेरून जाड असलेला बुश लागेल, किंवा बिजागरी काढून भोक भरून पुन्हा पाडून घ्यावं लागेल. सैल बुशभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळणं, त्यावर गोंद ओतणं हे उपाय मी पाहिलेत. त्यांचं आयुष्य पावसाळ्यापुरतं.

नीट भोकात बुश घट्ट जायला हवा. तो हातोडीने ठोकू नका, ओढून बसवा. लांब बोल्टमध्ये वॉशर, मग बुश, मग बिजागरी, मग वॉशर आणि नट. नट आवळत गेलं की बुश सरळ रेषेत आत सरकतो. पहिल्या दोन मिलिमीटरमध्ये तो तिरका तर जात नाही ना, हे बघा. तिरका वाटला तर मागे घ्या आणि पुन्हा सुरू करा. हातोडीने मऊ कॉलर वाकते आणि तोंड आत दबतं, मग पिन जात नाही आणि दोष पिनेला मिळतो.

बसवल्यावर नवी पिन बुशमधून हाताने गेली पाहिजे. थोडी घट्ट चालेल. जातच नसेल तर त्या मापाचा रिमर (भोक आतून किंचित तासणारं हत्यार) फिरवा. हातातली ड्रिल मशीन नको. ती थरथरते आणि ज्या लांबट भोकासाठी हा सगळा खटाटोप केला तेच पुन्हा पाडते.

नवी पिन घालणे

बुशच्या आत ग्रीसचा पातळ थर. जॅक आणि मदतनीस मिळून बिजागरीचे भाग एका रेषेत आणतात. रेष जुळली का हे पाहायला भोकात बोट घालायचा मोह होतो. दार दोन मिलिमीटर सरकलं तरी ते बोट कात्रीत सापडतं, म्हणून त्या जागी निमुळता पंच घाला. तो दोन्ही भागांतून आरपार गेला की समोरून पिन घालत जा आणि पंचाला बाहेर ढकला.

दात्यांपर्यंत पिन हाताने गेली पाहिजे. ती अडली तर जॅक सरकवा, ठोकू नका. दाते टेकले की मग हातोडी, आणि बिजागरीच्या मागे दुसरी जड हातोडी टेकवून धरली तर ठोका पत्र्यात न जाता पिनेत जातो. डोकं पूर्ण बसलं की क्लिप लावा. नवीच लावा, जुनी क्लिप एकदा ताणली की तिचा भरवसा नाही. ती खाचेत बसल्याचा टक्‌ असा आवाज येतो. आला नाही तर हाताने फिरवून खात्री करा.

दिशा कारखान्याचीच ठेवा. डोकं वर असलेली पिन क्लिप पडली तरी जागेवर राहते, डोकं खाली असलेली मात्र सुटून पडू शकते. तरीही काही ठिकाणी जागेअभावी ती खालूनच जाते, आणि तिथे क्लिपला दुप्पट महत्त्व.

पहिल्यांदा दार लावताना

दार धाडकन लावू नका. आधी हळूहळू पूर्ण उघडा आणि पुढची कड फेंडरला घासत नाही ना ते बघा. मग बंद करत आणा आणि शेवटच्या चार बोटांवर थांबून बाहेरचं हँडल ओढून धरा, म्हणजे लॉक अडकणार नाही. आता मागच्या कडेकडे डोळे लावून दार आत टेकवा. लॉक कडीवर नेमकं कुठे येतंय?

बऱ्याच जुन्या गाड्यांत इथे एक गंमत दिसते. दार आता वर आलेलं असतं आणि लॉक कडीच्या वर आदळतं. म्हणजे तुमच्या आधी कुणीतरी कडी खाली सरकवून ठेवली आहे. कडीभोवती रंगाची जुनी चौकट दिसली की मूळ जागा लगेच कळते.

कडीचे स्क्रू इतकेच सैल करा की हातोडीच्या मुठीने टिचकी मारल्यावर ती सरकेल. मूळ जागेच्या आसपास आणा, हँडल ओढून धरून दार हळू लावा, हँडल सोडा. लॉक कडीला स्वतःच मध्ये घेतं. तितक्याच हळू उघडा आणि स्क्रू आवळा. मग दोन-चारदा लावून बघा: अडकण्याच्या क्षणी दाराची मागची कड वर उचलली गेली किंवा खाली दबली तर कडी अजून चुकलेली आहे. दार कडीमुळे हलता कामा नये. लॉकला दोन टप्पे असतात, अर्धा आणि पूर्ण. दुसरा टप्पा जोर न लावता लागला पाहिजे.

आता फटी बघा. आकडा गाडीगणिक वेगळा असतो, पण फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे, आणि दारावरची रेघ मागच्या पत्र्यावरच्या रेघेला मिळाली पाहिजे. शेजारचं न उघडलेलं दार नमुना म्हणून वापरा. नव्या पिनांनंतरही मागची कड किंचित खालीच असेल आणि बिजागरी बोल्टची असेल, तर बोल्ट सैल करण्यापूर्वी तिच्याभोवती पेन्सिलने रेघ मारून घ्या आणि एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सोडा. बिजागरी खांबाच्या मागच्या तोंडावर बसत असेल तर खालच्या बिजागरीमागे पातळ चकती घातली की दाराची मागची कड वर येते. वेल्ड केलेली बिजागरी मात्र घरी वाकवायला जाऊ नका.

रबराची तपासणी सोपी आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे साधारण सारखा अडथळा जाणवला पाहिजे. वरच्या मागच्या कोपऱ्यात कागद अलगद निघत असेल तर वेगात वारा तिथूनच शिट्टी घालतो.

दार अडवणारी पट्टी, वायरचे कनेक्टर, मग बॅटरी, याच क्रमाने जोडा आणि काच, लॉक, स्पीकर चालवून बघा. दोन-तीन आठवड्यांनी क्लिपा आणि कडीचे स्क्रू पुन्हा तपासा. पुढे दर काही महिन्यांनी बिजागरीला ओंगण द्या. गंज सोडवणारं पातळ तेल त्यासाठी वापरू नका. ते आतलं ग्रीस धुऊन काढतं आणि थोड्या दिवसांत स्वतःही उडून जातं.

पहिले काही दिवस दार लावताना हात सवयीने वर उचललाच जाईल आणि दार अपेक्षेपेक्षा जोरात लागेल. ते आठवड्याभरात सुटतं.